अखजीची खबर

लोहारा (यवतमाळ)
१४ मार्च २००६

आदरणीय इंदुताई,
सादर नमस्कार.

मला काम मिळालं. मॅनेजर रामराव यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, गझाला, राहणार वणी, शिक्षण सातवी. सातवी म्हणताना जीभ अडखळली. आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. अब्बांनी महागावात लोकांचे मोटारपंप दुरुस्त करून मला शिकवलं, आणि पहिल्याच नोकरीत ते शिक्षण लपवायची वेळ आली. पण कृषी खात्याच्या वतीने आमच्या कॉलेजात दिलेल्या भाषणानंतर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणाला होतात, "बोगस बियाण्यांवर धाडी घालून मी दमले, आरिफा. आत आमचं एक माणूस असेल तरच हे थांबेल." ते आठवलं आणि खोटं बोलणं सोपं झालं.

कारखान्याच्या फाटकावर ढेपेची, जनावरांच्या पेंडीची पाटी आहे. आत वेगळंच चालतं. जिनिंगमधून सरकी येते, लोक म्हशींना घालतात ती साधी सरकी. तेजाबात घालून तिचे तंतू काढतात, वर लाल रंग चढवतात, आणि आम्ही बाया ती बीटीच्या पाकिटांत भरतो. पाकिटं मोठ्या कंपनीच्या पाकिटांसारखी हुबेहूब. रंग हातांवरून निघता निघत नाही. माझ्या शेजारी बसणारी चंदाबाई म्हणाली, "पोरी, नवरी दिसून राह्यली तू. नवरदेव कोन, रामराव का?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

मोबाईल फाटकावर काढून घेतात, त्यामुळे ठरल्याप्रमाणे पत्रच. खैरुनखाला बांगड्यांची टोपली घेऊन आमच्या वस्तीत येते. तिचा वार ठरलेला नाही. पत्र तिच्या टोपलीत जाईल आणि ती ते तुमच्या फाटकाला टांगलेल्या दुधाच्या पिशवीत टाकेल. तुमचं उत्तरही तिथूनच आणेल. तिला वाचता येत नाही. मला ती फक्त 'बेटी' म्हणते.

ताई, हे बियाणं मृगाच्या आधी गावोगाव पोचलं तर लोक विश्वासाने पेरतील आणि रान रिकामं राहील. त्याआधी धाड पडली पाहिजे. मी लागेल ते करीन.

आपली,
आरिफा


यवतमाळ
१८ मार्च २००६

प्रिय आरिफा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतकं स्वच्छ लिहिणारी माणसं माझ्या पथकात असती तर मी केव्हाच निवृत्तीचा विचार करू शकले असते.

काही गोष्टी लक्षात ठेव. नजर उघडी ठेव, पण प्रश्न विचारू नकोस. कुणाशी फार जवळीक करू नकोस, चंदाबाईशीसुद्धा. खैरुनबी आणि मी एकमेकींसमोर यायचं नाही, हे असंच राहू दे. तुझं नाव मी पथकाच्या कागदांत कुठेही घातलेलं नाही. तू तिथे आहेस हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. पथकातही कान असतात, म्हणून ही काळजी.

पक्का माल कुठल्या शेडमध्ये ठेवतात आणि केव्हा भरपूर साठतो, ते कळव. बाकीचं माझ्यावर सोड.

जेवतेस ना नीट?

तुझी,
इंदुताई


लोहारा
२८ मार्च २००६

आदरणीय ताई,

शेड सापडली. तेजाबाच्या टाक्यांमागे पत्र्याची एक लांब शेड आहे. बाहेरून ढेपेची पोती रचलेली, मागे छताला टेकेपर्यंत पाकिटांचे खोके. काल रंगाची पोती उचलायला माणसं कमी पडली म्हणून रामरावांनी मला आणि चंदाबाईला तिकडे पाठवलं. मी मुद्दाम पाय घसरल्यासारखं केलं, पोत्यांवर पडले आणि मागे डोकावले. चंदाबाई ओरडली, "आंधळी आहे का व? दोन दोन डोये देले देवानं!" मग मला उठवून तिने माझा गुडघा पदराने पुसला.

शेड भरली आहे. या आठवड्यात या. उशीर नको.

जेवते आहे. खैरुनखाला येताना ज्वारीच्या भाकरी आणते, टोपलीत बांगड्यांखाली लपवून. म्हणते, "कारखाने का खाना खाके तू सूख गई." तिने माझ्या हातात काचेच्या बांगड्या भरल्या आणि पैसे घेतले नाहीत. माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर असं हात धरून कुणी बांगड्या भरल्या नव्हत्या.

आपली,
आरिफा


यवतमाळ
६ एप्रिल २००६

प्रिय आरिफा,

तुला कळलंच असेल. आम्ही आलो तेव्हा शेडमध्ये फक्त ढेप होती. रामरावाने आम्हांला पोती मोजून दाखवली आणि चहा पाजला. पंचांसमोर माझी जी शोभा झाली ती तुला सांगत नाही.

माल आदल्याच दिवशी हलवला होता. म्हणजे त्यांना आधी कळलं. पथकातून कळणं शक्य नाही, कारण जीप निघेपर्यंत कुठे जायचं ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मला वाईट वाटतं, पण विचारते. खैरुनबीचा मुलगा साजिद कुठे कामाला आहे, हे तू कधी तिला विचारलंस का? तो कारखान्याच्या ट्रकांची चाकं दुरुस्त करतो. माणूस आपल्या पोटच्या पोरासाठी काय करील, याचा नेम नाही. तिला काही बोलू नकोस. फक्त सावध राहा.

तू खचू नकोस. तुझ्याकडे पाहून मला माझी उमेदीची वर्षं आठवतात.

तुझी,
इंदुताई


लोहारा
१६ एप्रिल २००६

आदरणीय ताई,

उत्तर लिहायला वेळ लागला. तुमचं पत्र वाचून मी आजारी असल्यासारखी पडून होते. साजिदचं खरं आहे, मी विचारून पाहिलं. खैरुनखालावर मी आता लक्ष ठेवून आहे. जास्त लिहीत नाही.

कामाचं सांगते. शेडमध्ये माल पुन्हा आला आहे, पहिल्यापेक्षा जास्त. रात्रपाळी सुरू झाली. पाडव्याच्या दिवशीसुद्धा फाटकाला साधं तोरण नव्हतं, इतकी घाई. परवा चालक हिरासिंग ट्रकवर ताडपत्री चढवून बघत होता. म्हणजे माल निघायची वेळ आली. माल अखजीला निघणार, अक्षय्य तृतीयेला, ३० तारखेला. कारखान्याचा शेठ व्यापारी माणूस आहे, हंगामाचा पहिला ट्रक तो नारळ फोडून मुहूर्तावरच काढणार. एक ट्रक वणीकडे आणि एक महागावकडे.

महागावचं नाव ऐकलं आणि मला अब्बांच्या दुकानात बसणारी माणसं दिसली. पंप दुरुस्त होईपर्यंत बियाण्याच्या गप्पा मारणारी. त्यांच्यातला कुणी हे पाकीट विकत घेईल. ताई, या वेळी चुकायला नको.

दोन भरलेली पाकिटं मी बाजूला काढून ठेवली आहेत. कमरेला बांधते. सैल कुर्त्याखाली कळत नाहीत.

आपली,
आरिफा


यवतमाळ
१९ एप्रिल २००६

माझ्या शूर मुली,

अखजीची खबर म्हणजे सोनं आहे. ३० तारखेला आम्ही फाटकाबाहेर असू. या वेळी वरिष्ठांनाही सोबत आणते.

तू कारखान्यातच थांब. रजा मागू नकोस, वस्ती सोडू नकोस, काही झालं तरी जागा सोडू नकोस. धाड पडली की मी स्वतः तुला हात धरून बाहेर काढीन आणि सगळ्यांना सांगेन, ही आमची आरिफा. तुझ्या नोकरीचंही बोलून ठेवलं आहे. अब्बांना आनंद होईल असं काहीतरी.

पाकिटं सांभाळ. ती माझ्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नकोस.

तुझी,
इंदुताई


वणी
२७ एप्रिल २००६

ताई,

मी जिवंत आहे. पहिलं ते सांगते, कारण तुम्हांला वेगळं काही सांगितलं गेलं असेल.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत रामरावांनी मला हापिसात बोलावलं. आत हिरासिंग उभा होता. दार लागलं. रामराव बशीतून चहा पीत होते. म्हणाले, "काय व पोरी, अखजीले माल निघनार म्हन्ते?"

मी म्हटलं, "मले काय मालूम जी?"

"तुले नाही मालूम तं कोनाले मालूम?" ते हसायला लागले. "अखजीचं कोनं सांगतलं व तुले? आमच्या शेठजीची माय माघात वारली. साल पाळून राह्यले ते. यंदा सन नाही, मुहूर्त नाही, नारळ नाही. पाडव्याले गुढी पाह्यली का तुनं फाटकावर? झाडूवालीलेबी हे ठावं हाये. अन् तुया कागदात अखजी!"

घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत, ही रीत आमच्याकडे नाही. शेजारीपाजारी अखजीला नवे व्यवहार सुरू करतात, एवढंच मी लहानपणापासून पाहिलेलं. तोरण नव्हतं ते मी पाहिलं आणि कामाची घाई समजले.

त्यांनी झडती घ्यायला चंदाबाईला बोलावलं. तिचा हात माझ्या कमरेवर पाकिटांना लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग रामरावांकडे वळून म्हणाली, "काई नाही जी. हाडकं हायेत नुसती." मग ती निघून गेली. मला तिचे आभारही मानता आले नाहीत.

ट्रक त्याच दुपारी निघाला. मला पुढे बसवलं, एका बाजूला हिरासिंग, दाराकडे रामराव. "वणीले तुया घरी पोचवून देतो," म्हणाले. वणी हे माझं घर नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे मला कळावं असं ते बोलत होते. करंजीच्या पुढे रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. हिरासिंगने वेग कमी केला. माझ्या ओढणीच्या टोकाला पुराव्यासाठी गाठ मारून ठेवलेली लाल रंगाची पूड होती. घाम पुसल्यासारखं करून मी गाठ सोडली आणि ती रामरावांच्या डोळ्यांत फेकली. ते ओरडले. मी त्यांच्या अंगावरून दाराची कडी ओढली आणि खाली पडले.

उठले आणि ट्रकांच्या मधून पळाले. मागे हिरासिंगची शिवी ऐकू येत होती. एका कोळशाच्या ट्रकच्या मागच्या शिडीवर चढले आणि ताडपत्रीखाली शिरले. श्वास घेतला की तोंडात कोळसा जायचा. हिरासिंग त्या ट्रकापाशी आला, थांबला, चालकाला विचारलं, "लाल हाताची पोट्टी दिसली का?" तो चालक म्हणाला, "भाऊ, इथं सगळेच काळे." मग रांग हलली.

वणीत रामीबाई नावाच्या बाईने मला आसरा दिला आहे. तिची स्टँडसमोर चहाची टपरी आहे. कोपर सोललं आहे, बाकी बरी आहे. पाकिटं माझ्याजवळ आहेत.

पण दोन रात्री झोप नाही. अखजी ही माझी स्वतःची चूक होती. कारखान्यात अखजीचं नाव कुणी काढलं नाही, काढणारच नव्हतं. मी ती फक्त तुम्हांला लिहिलेल्या त्या एका पत्रात केली. मग ती रामरावांपर्यंत कशी गेली? ते पत्र तुमच्याकडे कुणाच्या हातून आलं, ताई? मला सरळ सांगा. उत्तर रामीबाईच्या टपरीच्या पत्त्यावर पाठवा.

आरिफा


यवतमाळ
३० एप्रिल २००६

प्रिय आरिफा,

तुझं अक्षर पाहून मी देवापुढे दिवा लावला. तू नाहीशी झाल्याचं कळल्यापासून मला अन्न गेलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला ठाऊक आहे, फक्त तुझं मन ते मानत नाही. ते पत्र खैरुनबीनेच आणलं. मी स्वतः खिडकीतून पाहिलं, टोपली खाली ठेवून ती पिशवीत हात घालत होती. पत्राचं पाकीट ओलसर होतं, वाफेवर उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं. मला तेव्हाच शंका आली होती. आधी साजिदने वाचलं असणार, मग रामरावाने.

आता यात दयामाया नको. काल मी तिला पोलिसांच्या ताब्यात दिलं. तिच्या टोपलीत रंगाची पुडी सापडली, ती कारखान्याच्या टोळीतली आहे हे त्यावरून सिद्ध होईल. तुझ्यासारख्या भोळ्या मुलीला 'बेटी' म्हणून फसवणाऱ्या बाईला शिक्षा झालीच पाहिजे.

४ तारखेला सकाळी टपरीवर पथकाची जीप पाठवते. पाकिटं घेऊन तयार राहा. कुणाशी बोलू नकोस.

तुझी,
इंदुताई


वणी
५ मे २००६

इंदुताई,

ते पत्र खैरुनखालाच्या टोपलीत गेलंच नव्हतं.

तुम्ही तिच्याबद्दल लिहिलंत आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर ती वस्तीत आली, भाकरी काढून समोर धरली, आणि मी सगळ्या बायांसमोर हातातल्या बांगड्या फोडल्या. म्हटलं, "ले जाओ अपना माल." ती म्हणाली, "क्या हुआ बेटी? मेरेसे कुछ गलती हुई?" काचा तिनेच वेचल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. पुढे तुमचं पत्र घेऊन आली तेव्हा ते उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

म्हणून १६ तारखेचं पत्र मी तिच्याकडे दिलं नाही. रविवारची सुट्टी होती. मी स्वतः यवतमाळला आले, भर दुपारी तुमच्या गल्लीत शिरले आणि दुधाच्या पिशवीत पत्र टाकलं. तुमच्या खिडक्या बंद होत्या. तुम्हांला हे कळवलं नाही, कारण तुम्ही तिला काही जाणवू देऊ नकोस म्हणाला होतात आणि मी तर बांगड्या फोडून बसले होते. मला त्याची लाज वाटत होती.

म्हणजे खिडकीतून तुम्ही कुणालाही पाहिलं नाही. पाकीट ओलसर नव्हतं. ते पत्र माझ्या हातून तुमच्या हातात आलं आणि तुमच्या हातून रामरावांच्या. मधे तिसरं कुणी नव्हतं.

हे कळूनही माझं मन तुमची वकिली करत राहिलं. म्हटलं, काहीतरी वेगळं असेल. म्हणून काल सकाळी मी टपरीवर थांबले नाही. समोर स्टँडवर एसटीच्या आडोशाला उभी राहिले. जीप आली. तुमच्याच पथकाची, धाडीच्या दिवशी फाटकावर पाहिलेली, मागच्या काचेला तडा गेलेली. तीतून डोळ्यांना काळा चष्मा लावलेले रामराव उतरले. रामीबाईला म्हणाले, "आमची भाची आहे न इथं, रागावून आली." रामीबाई म्हणाली, "माया टपरीवर दिसभरात लय भाच्या येते भाऊ. चहा घेता का?"

मी तिथे उभी होते आणि मला भीती वाटत नव्हती. मला नुसतं लाजल्यासारखं होत होतं. भर बाजारात कुणीतरी थोबाडीत मारावी तसं.

आता मला कळतं आहे की आधीची धाडही मीच रिकामी केली. शेड मी दाखवली, तुम्ही शेठला सांगितलंत, शेठने माल हलवला. मी जितकं मन लावून काम करत होते तितका तुमचा भाव वाढत होता.

खैरुनखालाला सोडा. तिचा यात काही संबंध नाही, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आरिफा अब्दुल गनी


महागाव
११ मे २००६

आरिफा,

हे पत्र मी स्वतः तुझ्या वडिलांच्या दुकानात ठेवून जाते आहे. ते भले गृहस्थ आहेत. मला खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "आमची पोरगी तुमचं लय नाव घेते." तू त्यांना अजून काही सांगितलेलं दिसत नाही. शहाणी आहेस.

तू जे लिहिलंस ते मी नाकारत बसत नाही. फक्त मोठ्या माणसासारखं ऐक. खरं बीटी बियाणं बाजारात पुरेसं नाही, आणि आहे ते लोकांना परवडत नाही. शेठ बंद झाला तर दुसरा येईल. बावीस वर्षं मी धाडी घातल्या. प्रत्येक वेळी वरून फोन आला, माल सुटला आणि बदली माझी झाली. शेवटी मी ठरवलं की निदान आपल्या हाताशी काहीतरी असावं. तुझी पत्रं हाताशी होती म्हणून शेठ मला घाबरत होता. तुला काही होऊ द्यायचं नाही, हे मी रामरावाला बजावलं होतं. तो पुढे गेला, त्याचं मला दुःख आहे.

तू विचारशील, मीच का? तर खरं सांगते. घरातली पहिली शिकलेली मुलगी मनापासून काम करते, आणि तिच्यामागे प्रश्न विचारणारं कुणी नसतं.

आता व्यवहाराचं. पथकाच्या कागदांत तुझं नाव नाही. उद्या तू बोललीस तर तू माल चोरून पळालेली मजूर ठरशील. तुझ्या कमरेला काय होतं, ते रामराव शपथेवर सांगेल. उलट, पाकिटं परत केलीस तर खैरुनबी त्याच दिवशी सुटेल आणि जुलैपासून तुला सरकारी कार्यालयात कायमची जागा मिळेल. हे मी करू शकते, आणि करीन.

विचार कर. वडिलांकडे बघून विचार कर.

इंदुताई


महागाव
२२ मे २००६

इंदुताई,

हे शेवटचं पत्र. उत्तर पाठवू नका.

तुमचं पत्र मी अब्बांना वाचून दाखवलं. सरकारी नोकरीच्या ओळीवर थांबले, तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. आमच्या घरात कुणाला सरकारी नोकरी लागावी म्हणून त्यांनी दर्ग्याला चादर बोललेली आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "वो बाई जेल में है अभी?" मी हो म्हटलं. "तो फिर इसमें सोचने का क्या है?" असं म्हणून ते पुन्हा पंपाकडे वळले.

महागावकडे आलेला ट्रक केव्हाच उतरला होता. दुकानांत तीच पाकिटं लागली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी मी बियाण्याच्या दुकानांसमोर अब्बांच्या दुकानातली लोखंडी घमेली मांडली, पाणी भरलं आणि माझी दोन पाकिटं फोडून आत ओतली. पाकीट एकदा फोडलं की दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे घरी नेईपर्यंत ते कुणी फोडत नाही. लोक थांबून बघू लागले. पोचट बी पाण्यावर तरंगतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. अर्ध्याहून जास्त सरकी वर आली आणि पाणी लाल झालं.

एक म्हातारे म्हणाले, "हे तं माया म्हशीनंबी नसतं खाल्लं."

कुणीतरी विचारलं, "तू कोन व? तुले कसं मालूम?"

मी सांगितलं. नाव, बापाचं नाव, शिक्षण, कारखान्यात कोणत्या नावाने राहिले आणि कुणाच्या सांगण्यावरून राहिले, सगळं. दुकानदार ओरडला, "चोरटी आहे ही, कारखान्यातून माल घेऊन पळाली!" मी म्हटलं, "हो, घेऊन पळाले. तुमचं फोडून दाखवा, ते तर चोरीचं नाही ना?" त्याने फोडलं नाही. मग लोकांनी विकत घेतलेली आपापली पाकिटं फोडली. घमेली पुरली नाहीत, बायांनी हंडे आणून दिले. दुकानांना कुलपं लागली आणि संध्याकाळी वर्तमानपत्राची माणसं आली.

मी जिंकले असं समजू नका. वणीकडचा माल विकला गेला आहे. कोणत्या गावात, कोणत्या रानात तो पेरला जाईल, मला माहीत नाही. मृग जवळ आला की मला झोप लागणार नाही.

वरच्या साहेबांनी उद्या अमरावतीला जबाबाला बोलावलं आहे. तुम्हांलाही बोलावलं असेल. चंदाबाईने साक्षीला येते असं कळवलं होतं, काल निरोप आला की ती येणार नाही. तिला काम टिकवायचं आहे, मी तिला दोष देत नाही. तिथे गेल्यावर मला विचारतील, तुला आत कुणी पाठवलं? तुमचं नाव घेताना माझा आवाज बदलेल, कारण ते नाव मी धाकट्या बहिणीला सांगताना नेहमी 'मोठेपणी असं व्हायचं' म्हणून सांगत आले. ते थांबवता येणार नाही. पण नाव मी घेणार.

बातमी छापून आल्यावर खैरुनखाला शनिवारी सुटली. मी यवतमाळला तिच्या घरी गेले. साजिदने दार उघडलं आणि बाजूला झाला. ती पलंगावर बसली होती. टोपली कोठडीतून परत मिळालीच नाही. मी सगळं सांगितलं, रडले, माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुलिसवालों का मुझे कुछ नहीं लगा. वो तो पराये हैं. तू मेरेको एक बार पूछ तो लेती, बेटी." 'बेटी' म्हणाली आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली, चुकून तोंडातून निघाल्यासारखं.

ताई, तुम्ही मला फसवलंत, त्याचं काय ते उद्या साहेब बघतील. पण तुमच्या एका ओळीवरून मी तिला फसवलं, त्याचा जबाब कुठे द्यायचा, ते मला कुणी सांगत नाही.

उद्या ती साक्षीला येते आहे. सकाळी वेळेत पोचणारी अमरावतीची एसटी एकच आहे, महागावहून यवतमाळवरून जाणारी, आम्ही दोघी त्याच गाडीने जाणार. मी तिला म्हटलं, खाला, मी जागा धरून ठेवीन.

ती म्हणाली, "गाडी एकच है, इसलिए आती हूँ. मेरे बाजू में मत बैठना."

आरिफा